स्लॅबखालचा उन्हाळा: खान्देशातल्या घराला इन्सुलेशन कसं करावं

जळगाव, भुसावळ, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात पारा ४३-४५ अंशांवर गेला की दुपार कशीबशी निघते, पण खरा त्रास रात्री सुरू होतो. बाहेर वारा सुटलेला असतो, गच्चीवर बरं वाटतं, आणि खोलीत पंखा लावला की वरून गरम झळच अंगावर येते. याचं कारण डोक्यावरचा स्लॅब. पाच इंची काँक्रीटमधून उष्णता खाली उतरायला साधारण तीन-चार तास लागतात. म्हणून ऊन दुपारी कडक असतं आणि छताची आतली बाजू सर्वांत जास्त तापते संध्याकाळी, आपण कामावरून घरी येतो तेव्हा. तिथून पुढे मध्यरात्रीपर्यंत तो स्लॅब साठलेली उष्णता खोलीत सोडत राहतो.

जळगाव सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी भिंतींना ऊन तिरपं लागतं, छताला मात्र सरळ. म्हणून एकमजली घर असो की सर्वांत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, हातात पैसे थोडे असतील तर ते सगळे छतावर घाला. भिंती आणि खिडक्या त्यानंतर.

उष्णता अडवणं म्हणजे नक्की काय

इन्सुलेशन घर गार करत नाही. उष्णता आत येण्याचा वेग ते कमी करतं, एवढंच त्याचं काम. बर्फाच्या कारखान्यातली लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळून गावोगाव जाते, तेव्हा भुसा बर्फाला थंडी देत नाही, बाहेरची उष्णता अडवून धरतो. भुशाच्या कणांमध्ये अडकलेली, हलू न शकणारी हवा हे काम करते. थर्माकोल, रॉकवूल (दगडापासून काढलेल्या तंतूंची लादी), फोमचे बोर्ड या सगळ्यांत युक्ती तीच आहे. म्हणूनच या वस्तू दाबल्या गेल्या किंवा ओल्या झाल्या की निकामी होतात, कारण हवेची जागा पाणी घेतं आणि पाण्यातून उष्णता हवेच्या वीसपट वेगाने जाते.

उष्णता तीन वाटांनी येते. घन वस्तूतून सरकत, हवेबरोबर वाहत, आणि तापलेल्या पृष्ठभागावरून किरणांच्या रूपाने थेट अंगावर. छताच्या बाबतीत तिसरी वाट फार महत्त्वाची आहे. गरम हवा हलकी असल्यामुळे छतालगतच राहते, खाली उतरत नाही. तरीही डोकं तापतं, कारण ४५ अंशांचं छत शेगडीसारखी किरणं खाली फेकत असतं. कूलरने हवा ३० अंशांवर आली तरी पलंगावर पडल्यावर चैन पडत नाही, ते यामुळेच.

आता थोडं गणित. एकदा समजलं की दुकानात कोणी फसवू शकत नाही. प्रत्येक वस्तूचा एक वहनांक असतो, म्हणजे तिच्यातून उष्णता किती सहज सरकते तो आकडा. आरसीसीचा सुमारे १.५८, पक्क्या विटेचा ०.८, सुक्या मातीच्या थराचा ०.५२, लाकडाचा ०.१४, रॉकवूलचा ०.०४, थर्माकोलचा ०.०३५ ते ०.०४, एक्सपीएस बोर्डाचा (थर्माकोलच्याच पदार्थाचा, पण घट्ट फोमचा बोर्ड) ०.०३ आणि पीयू म्हणजे पॉलियुरेथेन फोमचा ०.०२५ च्या आसपास. आकडा जितका लहान तितकी वस्तू चांगली. थराची जाडी मीटरमध्ये घ्या, तिला वहनांकाने भागा, की त्या थराचा उष्णतेला होणारा विरोध मिळतो. सगळ्या थरांचे विरोध बेरजेत मांडा. त्यात छताच्या वरच्या-खालच्या हवेच्या पातळ थराचे ०.२१ मिळवा. एकला त्या बेरजेने भागलं की यू-मूल्य येतं, म्हणजे एक अंश फरकाला एका चौरस मीटरमधून किती वॉट आत येतात तो आकडा.

आपला नेहमीचा पाच इंची स्लॅब घ्या. ०.१२५ भागिले १.५८ म्हणजे ०.०८. प्लास्टरचे ०.०२, हवेचे ०.२१. बेरीज ०.३१, यू-मूल्य ३.२. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने (बीईई) २०१८ मध्ये घरांसाठी काढलेल्या ‘इको-निवास संहिता’ या नियमावलीत छताची मर्यादा १.२ आहे. म्हणजे साधा स्लॅब मर्यादेच्या अडीचपट उष्णता आत घेतो.

आणि आपलं जुनं धाबं? खाली एक इंची सागाच्या फळ्या, वर फूटभर सुकी माती. मातीचे ०.५८, लाकडाचे ०.१८, हवेचे ०.२१. बेरीज ०.९७. यू-मूल्य एकच्या आसपास. आजोबांच्या काळचं धाबं आजच्या नियमात बसतं आणि त्याच्या जागी बांधलेला नवा स्लॅब बसत नाही. शिवाय फूटभर मातीतून उष्णता उतरायला दहा-बारा तास लागतात, तोवर बाहेर रात्र झालेली असते. मात्र म्हणून कोणी स्लॅबवर माती टाकू नये. फूटभर मातीचं वजन चौरस मीटरला ४५०-५०० किलो होतं, ओली झाली की आणखी वाढतं. आपल्या गच्च्या एवढ्या भारासाठी बांधलेल्या नसतात.

त्याऐवजी ५० मिमी म्हणजे दोन इंची एक्सपीएस बोर्ड घाला. ०.०५ भागिले ०.०३ म्हणजे १.६७. एकूण विरोध १.९८ आणि यू-मूल्य ०.५. एवढाच विरोध निव्वळ काँक्रीटने मिळवायचा तर ते साडेआठ फूट जाड ओतावं लागेल. इंचभर बोर्डानेही यू-मूल्य ०.८८ वर येतं, म्हणजे मर्यादेच्या आत. पण मजुरी, जाळी, कोबा यांचा खर्च इंचाला आणि दोन इंचांना सारखाच असतो. फरक फक्त बोर्डाच्या किमतीचा पडतो. म्हणून दोन इंचच घाला.

दहा बाय दहाच्या खोलीत याचा अर्थ असा: गच्चीचा पृष्ठभाग ६० अंशांवर आणि खोली ३५ वर असेल, तर साध्या स्लॅबमधून सुमारे ८७० वॉट उष्णता आत येते, जणू खोलीत इस्त्री चालू ठेवली आहे. दोन इंची बोर्डानंतर तीच १२० वॉटवर उतरते.

आधी आपलं घर तपासा

खर्च करण्याआधी दोन दिवस मोजमाप करा. लांबून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर ऑनलाइन मिळतो. दुपारी ३, संध्याकाळी ७ आणि रात्री ११ वाजता छताची आतली बाजू, पश्चिमेची भिंत, पूर्वेची भिंत आणि फरशी यांचं तापमान लिहून ठेवा, शेजारी खोलीच्या हवेचं. चकचकीत स्टील किंवा फॉइलवर हा थर्मामीटर चुकीचं दाखवतो, तिथे कागदी टेप चिकटवून त्यावर मोजा. सात वाजता छत हवेपेक्षा चार-पाच अंशांनी गरम असेल तर दुखणं छताचं आहे. छत आणि हवा सारखीच पण पश्चिमेची भिंत तापलेली असेल, तर भिंतीकडे वळा. हा कागद जपून ठेवा, काम झाल्यावर पडताळायला लागेल.

सर्वांत स्वस्त उपाय: पांढरी गच्ची

ऊन आत येण्याआधीच परत पाठवणं याला इन्सुलेशन म्हणत नाहीत, पण काम तेच होतं आणि खर्च सर्वांत कमी. करड्या, मळक्या स्लॅबवर पडलेल्या उन्हातला पाऊण भाग मुरतो. ताज्या पांढऱ्या थरावरून तेवढाच भाग परत जातो. गच्चीचा पृष्ठभाग यामुळे १५-२० अंशांनी कमी तापतो.

चुन्यासाठी १००० चौरस फुटांना २० किलो कळीचा चुना धरा. लोखंडी पिंपात १०० लिटर पाणी घ्या आणि चुना पाण्यात थोडा थोडा सोडा. चुन्यावर पाणी कधीही ओतू नका, उकळून अंगावर उडतं. प्लास्टिकची बादली या उष्णतेने वाकते. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे हवेतच, चुना डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. २४ तास मुरू द्या, जाड फडक्यातून गाळा, आणि गरम पाण्यात विरघळवलेला अर्धा किलो डिंक किंवा तेवढाच पांढरा गम मिसळा. नीळ घालू नका, निळसर झाक ऊन पिते. गच्ची तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, किंचित ओली असताना पहिला हात द्या. दुसऱ्या दिवशी आडवा दुसरा हात. होळी झाली की हे काम काढावं आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत उरकावं. पहिल्या पावसात चुना बराच धुऊन जातो, म्हणजे हा वार्षिक खर्च आहे.

तयार कूल रूफ पेंट तीन-चार वर्षं टिकतो. डब्यावर सूर्यपरावर्तनाचा आकडा पाहा, ०.७० पेक्षा जास्त हवा. नुसतं ‘दहा अंश थंड’ असं लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ नाही. चंदेरी ॲल्युमिनियम पेंट घेऊ नका. तो ऊन परत पाठवतो खरा, पण मुरलेली थोडी उष्णता किरणांनी बाहेर टाकत नाही, म्हणून पांढऱ्यापेक्षा बराच जास्त तापतो. नवा कोरा पत्रा चकाकत असूनही हात लावू देत नाही, त्यामागचं कारण हेच. आणि छताच्या आतून लावायचा ‘उष्णतारोधक’ रंग विकला जातो, त्यावर पैसे घालू नका. अर्ध्या मिलिमीटरच्या थराला विरोध जवळपास शून्य असतो.

आपल्याकडे मार्चपासून धूळ उडते. पांढरी गच्ची महिन्याभरात पिवळट पडते आणि तिचं परावर्तन घसरतं. पंधरा दिवसांनी झाडू आणि ओल्या फडक्याचा एक हात फिरवला की बराच फरक पडतो.

पक्का उपाय: स्लॅबच्या वर बोर्ड

इन्सुलेशन स्लॅबच्या वर घातलं तर तीन फायदे होतात. ऊन स्लॅबपर्यंत पोचत नाही. स्लॅब रोज तापून-निवून फुगत-आकसत नाही, म्हणून तडे आणि गळती कमी होते. आणि स्लॅबचं सगळं वजन खोलीच्या बाजूला राहतं. रात्री खिडक्या उघड्या ठेवल्या की तो खालून निवतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गारवा धरून ठेवतो. खान्देशात दिवसा-रात्रीच्या तापमानात बारा-पंधरा अंशांचा फरक असतो, तो असा कामाला लावता येतो.

सुरुवात भाराच्या हिशोबाने. ५० मिमी कोब्याचं वजन चौरस मीटरला १२० किलो, १००० चौरस फुटांना मिळून ११ टन. जुना विटांच्या तुकड्यांचा कोबा काढून टाकला तर तेवढं वजन उतरतं, पण नुसतं वर चढवायचं असेल तर इंजिनिअरकडून स्लॅब तपासून घ्या. स्लॅबखाली गंजलेल्या सळ्या दिसत असतील किंवा पोपडे पडत असतील तर आधी ती दुरुस्ती.

मग उंची. बोर्ड आणि कोबा मिळून गच्ची चार इंच वर येते. जिन्याच्या दाराचा उंबरा बुडतो का, पावसाळी पाइपांची तोंडं वर घ्यावी लागतील का, कठडा चार इंचांनी कमी होऊनही मुलांसाठी पुरेसा राहतो का, हे आधी पाहा. उंबऱ्याचा विचार न करता काम केलं की पहिल्या मुसळधार पावसात पाणी जिन्यातून घरात येतं. ही या कामातली सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

१००० चौरस फुटांसाठी लागणारं सामान असं. १२५० बाय ६०० मिमीचे एक्सपीएस बोर्ड १२४, तुटफूट धरून १३०. कडांना खाच असलेले घ्या म्हणजे एक बोर्ड दुसऱ्यावर बसतो. घनता किमान ३२ किलो प्रति घनमीटर, नाहीतर चालता-चालता दबतो. जिओटेक्स्टाइल कापड (बोर्ड आणि कोबा यांच्यामध्ये अंथरायचं) १२० ते १५० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅमचं, एकमेकांवर येणाऱ्या पट्ट्यांसह १०० चौरस मीटरच्या थोडं वर. चिकन मेश, म्हणजे कोब्यात घालायची तारेची जाळी, तेवढीच. कोब्यासाठी १:१½:३ प्रमाणाने सिमेंट ३७-३८ गोण्या, वाळू सुमारे पाऊण ब्रास, १० मिमी खडी दीड ब्रासला थोडी कमी. वॉटरप्रूफिंगचं रसायन त्याच्या डब्यावरच्या दराने.

कामाचा क्रम चुकवू नका. गच्ची घासून स्वच्छ करा, तडे व्ही आकारात खोदून पॉलिमर मॉर्टरने भरा. कठडा आणि स्लॅबच्या कोपऱ्यात वाटा मारा, म्हणजे कोपरा भरून गोलसर करा. उतार १०० ला १ पेक्षा कमी असेल तर तो याच पायरीला दुरुस्त करा, बोर्डाच्या वरून उतार काढण्याच्या भानगडीत पडू नका. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एकमेकांना काटकोनात, कठड्यावर फूटभर चढवून. वाळल्यावर पाइपांची तोंडं बंद करून दोन इंच पाणी ४८ तास साठवून ठेवा. १००० चौरस फुटांना हे सुमारे ४७०० लिटर होतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात हे जड जातं, तरी टाळू नका. वर बोर्ड बसल्यावर गळतीची जागा शोधायची तर सगळं फोडावं लागतं. परीक्षा झाली की ते पाणी टाकीत उपसून कोबा भिजवायला ठेवा.

पाणी उतरल्यावर बोर्ड विटेच्या बांधकामासारखे सांधे चुकवून बसवा. चिकटवायला पाण्यावर आधारित किंवा पीयू गोंदच वापरा. टर्पेंटाइन, पेट्रोल, थिनर असलेला डांबरी प्रायमर किंवा रबरी गोंद बोर्ड वितळवतो आणि दुसऱ्या दिवशी खाली पोकळी सापडते. कडेच्या फटी बोर्डाचे पातळ तुकडे किंवा फोम स्प्रेने भरा. अर्ध्या इंचाची फट सगळ्या गच्चीभर राहिली तर बोर्डाचा बराच फायदा त्या फटीतून निघून जातो. बोर्ड उन्हात उघडे ठेवू नका. वरचा थर पिवळा पडून भुगा होऊ लागतो. ते हलके असल्याने वाऱ्याने उडतातही, आणि पाण्यावर तरंगतात. म्हणून ज्या दिवशी जेवढे अंथराल तेवढ्यावर त्याच दिवशी कापड घालून विटा ठेवा.

कापडाच्या पट्ट्या एकमेकांवर अर्धा फूट याव्यात. कापड नसेल तर सिमेंटचं पाणी सांध्यांत उतरून तिथे उष्णतेचे पूल, म्हणजे उष्णता खाली उतरायच्या वाटा, तयार होतात. जाळी कोब्याच्या मधोमध राहील अशी खडीच्या तुकड्यांवर उचलून ठेवा. खाली टेकलेली जाळी काहीच काम करत नाही. कोबा १० फूट बाय १० फुटांच्या तुकड्यांत ओता, तुकड्यांमध्ये आणि कठड्यालगत अर्ध्या इंचाचा सांधा सोडा आणि नंतर तो पॉलिसल्फाइड सीलंटने भरा. खाली बोर्ड असल्याने या कोब्याची उष्णता खाली जात नाही. तो साध्या कोब्यापेक्षा जास्त तापतो आणि जास्त फुगतो. सांधे न ठेवता सलग ओतला की पहिल्याच उन्हाळ्यात नागमोडी तडे जातात, आणि कठडा बाहेर ढकलला गेल्याचीही उदाहरणं असतात.

कोब्यावर किमान सात दिवस ओलं गोणपाट. मे महिन्यात गरम वाऱ्याने सकाळी मारलेलं पाणी दहा वाजेपर्यंत उडून जातं, म्हणून हे सगळं काम दिवाळी ते फेब्रुवारी या काळात काढावं. वर पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीचे तुकडे बसवले तर चुना-रंगाची दरवर्षीची कटकटही संपते.

इंजिनिअरने भार नको म्हटलं तर फवारून बसवायचा पीयू फोम घ्या. ५० मिमी थराचं वजन चौरस मीटरला दोन-अडीच किलो. सांधे नसतात. पण त्यावर उन्हापासून वाचवणारा लेप हवाच, आणि अशी गच्ची पापड-कुरडया घालायला, झोपायला वापरता येत नाही.

विटांच्या कोब्याबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. पुष्कळ गवंडी तो ‘गारव्यासाठी’ सुचवतात. चार इंची कोब्याने यू-मूल्य ३.२ वरून फक्त २.३ वर येतं आणि वजन मात्र चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास वाढतं. उतारासाठी, वॉटरप्रूफिंगसाठी तो ठीक. उष्णतेसाठी नव्हे.

गच्ची आपली नसेल तर

भाड्याच्या घरात किंवा सोसायटीत वरून काम करता येत नसेल तर खालून करता येतं. स्लॅबला चॅनल मारून ५० मिमी, ४८ घनतेचं रॉकवूल आणि खाली जिप्समचं सीलिंग. उष्णता अडते, पण स्लॅब वरून तापतच राहतो आणि त्याचा रात्रीचा गारवा खोलीला मिळत नाही. एसीच्या खोलीला हे चांगलं, कारण खोली पटकन थंड होते. स्लॅबला ओल असेल तर आधी ती बंद करा, भिजलेलं रॉकवूल लोंबतं. काम करताना तोंडाला मास्क आणि पूर्ण बाह्या, त्याचे तंतू अंगाला बोचतात. घर सोडून जाताना काढून नेण्यासारखं यात काही उरत नाही, म्हणून दोन-तीन वर्षं राहायचं नक्की असेल तरच करा.

पत्र्याचं घर

पत्र्याला स्वतःचा विरोध जवळपास नाही. तापला की लगेच खाली किरणं फेकतो आणि सूर्य मावळला की लगेच निवतो. त्यामुळे पत्र्याच्या घरात त्रास दुपारचा असतो, रात्रीचा नव्हे. इथे किरणं अडवणं सर्वांत फलदायी.

वरून पांढरा रंग हा पहिला उपाय. दुसरा, ॲल्युमिनियम फॉइल लावलेली बबल शीट. फॉइलचं गुपित तिच्या चकाकत्या बाजूसमोर असलेल्या हवेत आहे. तापलेली फॉइल फारच थोडी किरणं बाहेर सोडते, पण तिच्यासमोर निदान एक इंच मोकळी हवा असेल तरच. फॉइलवर थेट प्लायवूड दाबून बसवला की तीच फॉइल उष्णता पुढे देणारा धातूचा पत्रा होऊन बसते. चकाकी खालच्या बाजूला ठेवा. वरच्या बाजूला धूळ बसते आणि दोन वर्षांत तिचा गुण जातो.

नवं छत घालत असाल तर लोखंडी पाइपांवर शीट इंचभर झोळ देऊन अंथरा, मग वर पत्रे ठोका. जुन्या छताला पाइपांच्या खालून तारा ताणून त्यावर शीट बसवा. सांधे दोन इंच एकमेकांवर घेऊन ॲल्युमिनियम टेपने बंद करा. फॉइलमधून वीज वाहते, हे कधीही विसरू नका. आधी मेन स्विच बंद करा, छतालगतच्या सगळ्या वायरी पाइपात घाला, आणि उघडा जोड असलेली वायर फॉइलजवळ एक फुटाच्या आत राहू देऊ नका.

पत्रा आणि सीलिंग यांच्यात चार-सहा इंच पोकळी ठेवून एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर अशी जाळी लावलेली भोकं ठेवली, तर गरम हवा आपोआप वर निघून जाते आणि खालून नवी येते. भोकं एकाच उंचीवर असतील तर हवा फारशी हलत नाही. जाळी बारीक असावी, नाहीतर उंदीर-चिमण्यांचं घर तयार.

पत्र्याला खालून उघडा थर्माकोल चिकटवणं धोक्याचं आहे. दुपारी पत्रा ६५-७० अंशांवर जातो आणि थर्माकोल ८० च्या जवळ मऊ पडू लागतो. त्याहून मोठी भीती आगीची. चूल, गॅस किंवा देवघराच्या वर उघडा थर्माकोल कधीही नको. तो पेटला की वितळून थेंब थेंब खाली पडतो आणि धुराने श्वास घेणं अशक्य होतं. पऱ्हाटी किंवा तुराट्या पत्र्यावर अंथरल्या तर सावली उत्तम मिळते, पण आगीचा धोका तोच. त्यापेक्षा पत्र्यापासून फूटभर उंच बांबूवर शेडनेट ताणा. नवं बांधकाम असेल तर ५० मिमीचे पीयू सँडविच पत्रे सर्वांत सोपे.

सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांना भोक पाडू नका, कापू नका, घासू नका. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते. वरून हलक्या हाताने रंग आणि खालून पत्र्याला न टेकणारं सीलिंग, एवढंच करावं.

धाबं असेल तर मोडू नका

लाकूड शाबूत असेल तर धाबं हे तयार इन्सुलेशन आहे. पावसाळ्याआधी गवत मुळासकट उपटा, खड्डे भरा, वर खारी मातीचा थर द्या आणि उतार पन्हळीकडे ठेवा. खारी माती भिजली की फुलते आणि छिद्रं बुजवते, म्हणून ती पाणी खाली जाऊ देत नाही. दरवर्षी नुसता थर वाढवत राहू नका, जुना सैल थर आधी खरडून काढा, नाहीतर तुळयांवर भार साठत जातो. दरवर्षीची ही कामं झेपत नसतील तर धाब्याच्या वर दीड-दोन फूट उंचीवर पत्रे घाला आणि बाजू उघड्या ठेवा. ऊन आणि पाऊस पत्रा झेलतो, मधल्या पोकळीतून वारा वाहतो, आणि माती कोरडी राहिल्याने आणखी चांगली काम करते.

पश्चिमेची भिंत आणि खिडक्या

नऊ इंची विटेच्या भिंतीचं यू-मूल्य २ च्या आसपास, साडेचार इंचीचं जवळपास ३. नवं बांधताना पश्चिमेला आठ इंची एएसी ब्लॉक (आत हवेची छिद्रं असलेला हलका सिमेंटचा ब्लॉक) घेतला तर ते ०.७५ वर येतं. उभ्या घराला मात्र पश्चिमेची सावली पुरते. उतरतं ऊन आडवं येतं, त्याला छज्जा अडवू शकत नाही. बांबूची ताटी, वेल, कडुनिंब किंवा भिंतीपासून अर्धा फूट दूर बांधलेलं शेडनेट लावा. खिडकीचं ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं. आतला पडदा ऊन अडवतो तोवर उष्णता खोलीत आलेली असते. बाहेरून चिक किंवा वाळ्याचा पडदा लावा.

काम झाल्यावर घर कसं वापरावं

सकाळी नऊ-दहाला खिडक्या बंद, संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की उघड्या, आणि रात्रभर उघड्या. इन्सुलेशन केलेलं घर रात्री बंद ठेवलं तर आतल्या माणसांची, स्वयंपाकाची, फ्रिजची उष्णताही आतच अडकते आणि घर आधीपेक्षा कोंदट वाटतं. कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते. कूलरच्या १००० सीएफएमला, म्हणजे मिनिटाला १००० घनफूट हवेला, साधारण २ चौरस फूट खिडकी समोरच्या बाजूला उघडी ठेवा. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलर हात टेकतो, छतावरचा बोर्ड मात्र तेव्हाही तेवढंच काम करतो. एसी घ्यायचा असेल तर आधी छत करा, मग एसीचा आकार ठरवा. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा एक अंकी होतो तेव्हा हाच थर घरातली ऊब धरून ठेवतो.

सामान घेताना बोर्ड तोलून पाहा. ५० मिमी जाडीचा, १२५० बाय ६०० चा बोर्ड ३२ घनतेचा असेल तर १.२ किलो भरला पाहिजे. पाऊण किलोच्या आसपास भरला तर घनता २० आहे, परत करा. जाडी चारही कोपऱ्यांत फूटपट्टीने मोजा. बिलावर जाडी, घनता आणि अग्निरोधक दर्जा लिहून घ्या.

पुढच्या एप्रिलमध्ये पहिल्या कागदावरच्या त्याच वेळांना, तसंच ऊन असलेल्या दिवशी पुन्हा मोजा. संध्याकाळी सातला छत आणि खोलीची हवा यांत अंशा-दोन अंशांचाच फरक राहिला पाहिजे. छताचा एखादाच पट्टा गरम येत असेल तर त्यावर बोर्डांचा सांधा उघडा राहिला आहे. कडेकडेने गरम येत असेल तर उष्णता कठड्यातून आणि छज्ज्यातून स्लॅबमध्ये शिरते आहे, तिथे कठड्याच्या दोन्ही बाजू आणि वरचा माथा पांढरा करा. आणि पावसाळ्यानंतर एखादा भाग अचानक गरम येऊ लागला तर तिथे पाणी शिरलं आहे, त्या तुकड्याच्या सांध्यातलं सीलंट काढून पुन्हा भरा.